इंग्रजीतला ‘-स्टर’: स्पिन्स्टर, वेब्स्टर, गँगस्टर आणि मंडळी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पिन्स्टर, वेब्स्टर, गँगस्टर, यंगस्टर. चारही शब्दांचा शेवट एकच, आणि तो हजार वर्षांहून जुना आहे. इंग्रजी शिकवणारे, भाषांतर करणारे आणि शब्दाच्या मुळाशी जायची हौस असणारे वाचक या शेवटाबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. सगळे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिल्यामुळे काही परके शब्दही याच घरातले वाटू लागतात. ते कोणते, हेही पुढे येईल.

‘-स्टर’ या प्रत्ययाचा मूळ अर्थ काय?

अमुक काम करणारी बाई. अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्याला नाव देण्यासाठी दोन शेवट होते: पुरुषासाठी ‘-एरे’ आणि बाईसाठी ‘-एस्त्रे’. पाव भाजणारा तो ‘बॅकेरे’, भाजणारी ती ‘बॅकेस्त्रे’. गाणारा ‘सांगेरे’, गाणारी ‘सांगेस्त्रे’. फिडल वाजवणारी ‘फिथेलेस्त्रे’, वाचणारी ‘रॅडेस्त्रे’. पहिल्या शेवटाचा आज बेकर आणि सिंगरमधला ‘-र’ झाला आहे, दुसऱ्याचा ‘-स्टर’.

मराठी वाचकानं इथे एक फरक ध्यानात ठेवावा. आपण ‘सोनारीण’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा सोनाराची बायको अभिप्रेत असते, ती स्वतः दागिने घडवत असो वा नसो. जुन्या इंग्रजीतली ‘वेब्बेस्त्रे’ ही विणकराची बायको नव्हे. मागावर बसून कापड विणणारी ती स्वतःच. म्हणून हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. ज्या काळातल्या साध्या बायकांबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं सापडत नाही, त्या काळात त्या कोणती कामं करत होत्या याची नोंद या शब्दांत टिकून आहे.

मग वेब्स्टर, गँगस्टर हे शब्द पुरुषांना कसे लागू झाले?

हा बदल एका दिवसात किंवा सगळीकडे सारखा झाला नाही. जुन्या इंग्रजीतही अधूनमधून सरमिसळ दिसते. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात मिसरच्या राजाचा भटारी तुरुंगात पडतो. त्या भागाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात या पुरुषाला ‘बॅकेस्त्रे’ म्हटलं आहे.

पुढे मध्ययुगात इंग्लंडच्या उत्तरेत आणि दक्षिणेत वेगवेगळ्या रीती पडल्या. उत्तरेत ‘-स्टर’ हा बाई-पुरुष दोघांनाही लागणारा धंद्याचा प्रत्यय झाला. दक्षिणेत तो पंधराव्या शतकापर्यंत बऱ्याच अंशी बायकांपुरता राहिला. म्हणजे यात बोलींचा हिस्सा मोठा आहे. ‘पुरुषांनी धंदे घेतले म्हणून शब्दही घेतले’ एवढ्यावर सगळं बसवता येत नाही. तरी काही धंद्यांत नेमकं तसंच घडलं, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण पुढच्या उत्तरात आहे.

ब्रूस्टर म्हणजे कोण?

एल, म्हणजे जवापासून बनवलेलं आंबवलेलं पेय, गाळणारी बाई.

चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या खेड्यांत एल गाळणं हे बहुतांशी बायकांचं काम होतं. एल काही दिवसांतच आंबट होई, त्यामुळे ती दूर पाठवता येत नसे. घरच्यासाठी करायची आणि उरलेली शेजारीपाजारी विकायची, असा हा व्यवहार. विधवा, लग्न न झालेल्या मुली, संसार करणाऱ्या बाया, सगळ्याच यात असत. हे कळतं ते दंडाच्या नोंदींवरून. तेराव्या शतकात पाव आणि एल यांचे भाव आणि दर्जा ठरवणारा कायदा झाला. त्याखाली गावोगावच्या जहागिरीच्या न्यायालयांत एल विकणाऱ्यांची नावं लिहून त्यांच्याकडून पैसे घेतले जात. त्या याद्या बायकांच्या नावांनी भरलेल्या आहेत.

मग १३४८-४९ ची महामारी आली. ती ओसरल्यावर वाचलेल्यांची मजुरी वाढली, लोक जास्त पिऊ लागले, मागणी वाढली. त्यातच नेदरलँड्सच्या बाजूनं हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, घातलेली बिअर आली. हॉप्समुळे ती जास्त टिके, पिंपांत भरून गाडीनं किंवा जहाजानं पाठवता येई. पण त्यासाठी मोठी भांडी, जास्त जळण, हाताखाली माणसं आणि उधारी मिळवण्याची पत लागे. कायद्यानं विवाहित बाईच्या मालमत्तेवर नवऱ्याचा ताबा होता, त्यामुळे तिला स्वतःच्या नावानं भांडवल उभं करणं कठीण. धंद्यात पैसा आला तसा तो एकेका शहरात पुरुषांच्या हाती गेला. सोळाव्या शतकाअखेर ब्रूअर म्हटलं की पुरुषच डोळ्यांसमोर येई.

‘ब्रूस्टर’ हा शब्द मात्र एका अनपेक्षित ठिकाणी तग धरून राहिला. दारूविक्रीचे परवाने देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या वार्षिक बैठकीला इंग्लंडात ‘ब्रूस्टर सेशन्स’ म्हणत. २००३ च्या परवाना कायद्यानं हे काम स्थानिक कौन्सिलांकडे गेलं, तोवर हे नाव चालू होतं.

कोणकोणत्या आडनावांत हा प्रत्यय लपला आहे?

बऱ्याच. शब्दकोशामुळे वेब्स्टर सर्वांना ठाऊक आहे. नोआ वेब्स्टर या अमेरिकन कोशकारानं १८२८ मध्ये आपला मोठा कोश काढला. त्याच्या आडनावाचा अर्थ विणणारी, पुढे विणणारा. बॅक्स्टर म्हणजे भटारी. सँगस्टर म्हणजे गायक. केम्प्स्टर म्हणजे लोकर विंचरणारी.

कापड रंगवणाऱ्यांची तर दोन आडनावं आहेत. एक डेक्स्टर. जुन्या क्रिकेटशौकिनांना टेड डेक्स्टर आठवेल. १९६१-६२ मध्ये तो इंग्लंडचा कर्णधार म्हणून भारतात आला होता आणि नरी कॉन्ट्रॅक्टरच्या संघानं ती मालिका २-० अशी जिंकली. दुसरं लिस्टर. हा मूळचा ‘लिटस्टर’. यातला ‘लिट’ म्हणजे रंगवणे, आणि तो इंग्लंडात स्थायिक झालेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, लोकांच्या भाषेतून आलेला. जखमा जंतुमुक्त ठेवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १८६७ मध्ये जगासमोर मांडणारे जोसेफ लिस्टर याच आडनावाचे. चूळ भरायच्या लिस्टरीनला त्यांचं नाव दिलेलं आहे. म्हणजे औषधाच्या दुकानातल्या त्या बाटलीवर एका रंगारणीच्या धंद्याचं नाव आहे.

उत्तरेत आणि दक्षिणेत वेगवेगळी रीत होती, हे वर सांगितलं. ते आडनावांच्या भूगोलातही दिसतं. वेब्स्टर आणि बॅक्स्टर ही उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडकडची आडनावं. दक्षिणेत त्याच धंद्यांची आडनावं वेब आणि बेकर. आडनावं पक्की होत होती त्या तेराव्या-चौदाव्या शतकांत उत्तरेकडे ‘वेब्स्टर’ पुरुषालाही म्हणत. म्हणून एखाद्या वेब्स्टर घराण्याची मूळ व्यक्ती बाईच असेल असं धरून चालू नये. ती असू शकते, इतकंच.

डेम्प्स्टर हे आडनावही यातलंच का?

होय, आणि धंद्यांच्या नावांत ते मानाचं आहे. ‘डीम’ म्हणजे निवाडा करणे. स्कॉटलंडात निवाडा सुनावणारा तो डेम्प्स्टर. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या आइल ऑफ मॅन या बेटावर न्यायाधीशांना आजही अधिकृतपणे ‘डीम्स्टर’ म्हणतात. तिथे दरवर्षी साधारणपणे ५ जुलैला टिनवाल्ड टेकडीवर उघड्यावर संसद भरते आणि नवे कायदे लोकांसमोर जाहीर होतात. डीम्स्टर त्या सोहळ्यात असतात. प्रत्यय बाई-पुरुष दोघांना लागू झाल्यानंतरचा हा शब्द आहे.

स्पिन्स्टरचा अर्थ ‘सूत कातणारी’ असेल तर तो ‘बिनलग्नाची बाई’ कसा झाला?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर थोडं सविस्तर द्यावं लागेल.

चौदाव्या शतकात हा शब्द निव्वळ कामाचा होता. त्या काळातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात लोकरीचं कापड करणारी एक बाई स्पिन्स्टरांना सूत कातायला देते. तिथे त्यांच्या लग्नाचा संबंधच नाही.

एका मागाला पुरेसं सूत द्यायला अनेक कातणाऱ्या लागत. टकळी असो वा चरखा, काम सावकाश आणि मजुरी थोडी. भांडवल नको, दुकान नको, कोणत्या संघाचं सभासदत्व नको. त्यामुळे ज्या बाईला नवऱ्याच्या धंद्याचा आधार नाही तिला पोट भरायला हे काम हाताशी असे. विवाहित बायकाही कातत, पण त्यांची ओळख नवऱ्यावरून दिली जाई.

यात कायद्यानं भर घातली. १४१३ च्या एका इंग्लिश कायद्यानुसार काही प्रकारच्या दाव्यांत प्रतिवादीच्या नावापुढे दर्जा किंवा धंदा लिहिणं सक्तीचं झालं. पुरुषापुढे शेतकरी, लोहार, विणकर असं काहीबाही येई. बाईपुढे ‘अमक्याची बायको’ किंवा ‘विधवा’ लिहीत. दोन्ही नसेल तर ‘स्पिन्स्टर’. कारकुनांच्या हातून हे इतक्या वेळा लिहिलं गेलं की सतराव्या शतकापर्यंत तो धंदा न राहता अविवाहित स्त्रीचा कायदेशीर दर्जा झाला. अठराव्या शतकात त्याला ‘लग्नाचं वय उलटून गेलेली’ असा बोचरा अर्थ चिकटला. १७६० च्या दशकात जेम्स हारग्रीव्ह्जनं एकाच वेळी अनेक चात्या फिरवणारी स्पिनिंग जेनी केली, आणि पुढे गिरण्यांनी हातानं कातण्याचा रोजगार संपवला. तोपर्यंत या शब्दातून सूत जवळजवळ नाहीसं झालं होतं.

बाकीच्या ‘-स्टर’ शब्दांनी बाई सोडली आणि काम ठेवलं. स्पिन्स्टरनं काम सोडलं आणि बाई ठेवली. याच सुमारास ‘बॅचलर’ची वाटचाल कशी झाली तेही पाहावं. त्याचा जुना अर्थ तरुण, शिकाऊ सरदार. पुढे तो पदवीधर झाला आणि अविवाहित पुरुषही झाला, पण त्याला हेटाळणीचा वास कधी लागला नाही. दोघांची स्थिती सारखीच असताना शब्दांना मिळालेली वागणूक इतकी वेगळी आहे, याचं मला आजही वाईट वाटतं.

आजच्या कागदपत्रांत स्पिन्स्टर लिहावं का?

टाळावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून विवाहनोंदणीत बॅचलर आणि स्पिन्स्टर दोन्ही काढून ‘सिंगल’ लिहितात. भारतात १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात वधूपुढे स्पिन्स्टर असं छापलेलं आहे, आणि जुन्या वळणाच्या प्रतिज्ञापत्रांतही तो दिसतो. एखाद्या अर्जात रकानाच तसा असेल तर नाइलाज आहे. पण लग्नाच्या इंग्रजी बायोडेटात किंवा नोकरीच्या अर्जात आपण होऊन तो घालू नये. ‘अनमॅरीड’ किंवा ‘सिंगल’ पुरेसं आहे.

शिवणकाम करणारीला ‘सीम्स्टर’ न म्हणता ‘सीम्स्ट्रेस’ का म्हणतात?

कारण तिच्यावर स्त्रीलिंगाचा शिक्का दोनदा मारला गेला. जुनी ‘सेआमेस्त्रे’ ही बाईच होती. ‘-स्टर’मधला बाईचा अर्थ विरला, मग ती बाई आहे हे सांगायला फ्रेंचमधून आलेला ‘-एस’ वर जोडला. गाणाऱ्या ‘साँगस्ट्रेस’चंही तेच.

इतर भाषांत हा प्रत्यय आहे का?

डचमध्ये आहे आणि तिथे तो आजही बाईचाच आहे. ‘झ्वेमर’ म्हणजे पोहणारा, ‘झ्वेमस्टर’ म्हणजे पोहणारी. ‘स्खरैवर’ लेखक, ‘स्खरैफस्टर’ लेखिका. इंग्रजीनं सातशे-आठशे वर्षांपूर्वी सोडायला घेतलेली व्यवस्था तिच्या शेजारणीनं चालू ठेवली आहे.

गँगस्टर, ट्रिकस्टर, फ्रॉडस्टर... या शेवटाला वाईट छटा कुठून आली?

सोळाव्या शतकापासून ‘-स्टर’ लावून नवे शब्द झाले ते बरेचसे थट्टेचे किंवा तुच्छतेचे होते. राइमस्टर म्हणजे यमकं जुळवणारा हलका कवी. पन्स्टर म्हणजे श्लेष करत सुटणारा. गेमस्टर म्हणजे जुगारी. हक्स्टर हा आधी साधा किरकोळ विक्रेता होता, नंतर त्याला घासाघीस करणारा आणि मग फसवा अर्थ आला. गँगस्टर १८९० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला.

पण सगळेच तसे नाहीत. यंगस्टरमध्ये काही वाईट नाही. टीम्स्टरमध्येही नाही, आणि त्याचा जुना अर्थ मला फार आवडतो. ‘टीम’ म्हणजे मुळात गाडी किंवा नांगर ओढायला एकत्र जुंपलेली जनावरं, म्हणून टीम्स्टर म्हणजे गाडीवान. अमेरिकेतल्या गाडीवानांची १९०३ मध्ये मोठी कामगार संघटना झाली. घोडे गेले, ट्रक आले, पण संघटनेचं नाव टीम्स्टर्सच राहिलं. रोडस्टरचाही प्रवास असाच लांबचा: बंदराबाहेर नांगरून उभं असलेलं जहाज, मग रस्त्यावर चालणारा घोडा, मग मोटार.

मास्टर, मिनिस्टर, सिस्टर, रजिस्टर, पोस्टर हे शब्दही याच घरातले का?

नाहीत. शेवटचा आवाज सारखा, पण मूळ वेगळं. मराठीत रोज वापरले जाणारे ‘-स्टर’ शब्द बहुतेक असेच आहेत.

मास्टर आणि मिनिस्टर एकत्र पाहावेत. लॅटिन ‘मागिस्तेर’मध्ये ‘मागिस’ म्हणजे जास्त. ‘मिनिस्तेर’मध्ये ‘मिनुस’ म्हणजे कमी. मास्टर तो वरचा, मिनिस्टर तो खालचा, म्हणजे सेवक. राजाचा सेवक या अर्थानं तो दरबारात गेला आणि मंत्री झाला.

सिस्टर आपली जवळची आहे. संस्कृत ‘स्वसृ’ आणि ती एकाच मुळाच्या. इंग्रजीच्या शाखेत ‘स’ आणि ‘र’ यांच्या मध्ये ‘ट’ शिरला. ‘स्रोत’शी नातं असलेल्या ‘स्ट्रीम’मध्येही तसाच शिरला आहे.

सेमिस्टर म्हणजे लॅटिनमध्ये ‘सहा महिन्यांचं’. आपल्या शाळांतली सहामाही शब्दशः तीच. मॉन्स्टर म्हणजे आधी दैवी इशारा, अपशकुन. डिझास्टर म्हणजे वाईट तारा, ग्रह वक्री असणं. रजिस्टर म्हणजे परत आणून नोंदून ठेवलेलं. सरकारी कार्यालयांत बिंदुनामावलीला रोस्टर म्हणतात. तो डचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ भाजायची लोखंडी जाळी. जाळीसारख्या आडव्या-उभ्या रेघा मारलेला कागद म्हणून पाळ्यांचा तक्ता.

पोस्टर, डस्टर, टोस्टर यांत तर ‘-स्टर’ नाहीच. पोस्ट, डस्ट, टोस्ट या शब्दांना नुसता ‘-र’ लागला आहे.

आणि बॅरिस्टर?

तो अर्धा बाहेरचा. लंडनच्या विधिसंस्थांच्या सभागृहात एक कठडा असे, तो ‘बार’. त्या कठड्याशी बोलावलं गेलेला तो बॅरिस्टर. शेवट बहुधा मिनिस्टरसारख्या शब्दांच्या वळणावर गेलेला आहे. बाईच्या प्रत्ययाशी त्याचा थेट संबंध दिसत नाही. मराठीत ‘बॅ. नाथ पै’ असं नावापुढे लावतात तो हाच.

लेस्टर, ग्लॉस्टर, मँचेस्टर?

देवनागरीमुळे होणारा गोंधळ तो हा. लेस्टर आणि गँगस्टर आपण सारखेच लिहितो. इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे. या गावांच्या शेवटी लॅटिन ‘कास्त्रा’ आहे, म्हणजे रोमन सैन्याची छावणी. जुन्या इंग्रजीत त्याचं ‘चेआस्तेर’ झालं. कुठे ते ‘चेस्टर’ राहिलं, कुठे लँकेस्टरसारखं ‘केस्टर’, आणि लेस्टर, ग्लॉस्टर, वूस्टरमध्ये झिजून ‘स्टर’. वेस्टमिन्स्टरमधला ‘मिन्स्टर’ म्हणजे मठ. आयर्लंडच्या अल्स्टर आणि मन्स्टरमधला शेवट आयरिश ‘तीर’शी जोडतात, म्हणजे भूमी.

लॉबस्टर तरी यातला आहे का?

थोडासा. मूळ लॅटिन ‘लोकुस्ता’, म्हणजे टोळ. जुन्या इंग्रजीत ते ‘लोप्पेस्त्रे’ झालं ते ‘-एस्त्रे’ शेवटाच्या शब्दांच्या ओढीनं. शेवट घरचा, जीव बाहेरचा.

एखादा शब्द अस्सल ‘-स्टर’ आहे हे कसं ओळखावं?

‘स्टर’ काढून पाहावं. उरलेला भाग स्वतंत्र शब्द असेल आणि पूर्ण शब्दाचा अर्थ ‘ते करणारी किंवा त्याच्याशी संबंधित व्यक्ती’ असा लागत असेल, तर शक्यता चांगली: गँग, यंग, ट्रिक, फ्रॉड. मास्टरमधून स्टर काढला तर ‘मा’ उरतो, सिस्टरमधून ‘सि’. ही कसोटी आडनावांना कमी लागू पडते, कारण डेक्स्टर-लिस्टरची पुढची बाजू झिजली आहे. तिथे व्युत्पत्ती देणारा कोशच उघडावा.

आजही या प्रत्ययानं नवे शब्द होतात का?

होतात. फ्रॉडस्टर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. १९९९ मध्ये गाणी वाटून घेण्याची नॅप्स्टर सेवा आली, २००२ मध्ये फ्रेंडस्टर हे समाजमाध्यम. माणसाऐवजी वस्तूला किंवा सेवेला नाव द्यायलाही हा शेवट आता सर्रास वापरला जातो.

अमेरिकेत कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीला ‘डम्प्स्टर’ म्हणतात, तो मात्र अशा तऱ्हेनं झालेला नाही. १९३० च्या दशकात टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या डेम्प्स्टर बंधूंनी गाडीवर यंत्रानं उचलून रिकामी करता येणारी पेटी काढली आणि ‘डम्प’ला आपल्या आडनावाचा शेवट जोडून तिचं नाव ठेवलं. त्यांच्यातला जॉर्ज डेम्प्स्टर पुढे त्या शहराचा महापौर झाला. ते व्यापारी नाव हळूहळू कोणत्याही कंपनीच्या पेटीला लागू लागलं, आणि निवाडा करणाऱ्या डेम्प्स्टरच्या आडनावातला ‘-स्टर’ आज अमेरिकेतल्या गल्लीगल्लीत उभा आहे.